बुद्धीचे माप, बुद्धीची मशागत

१८२५ साली कलकत्त्यात डोकी मोजणाऱ्यांचे एक मंडळ स्थापन झाले. ‘कलकत्ता फ्रेनॉलॉजिकल सोसायटी’ हे त्याचे नाव. जॉर्ज मरे पॅटर्सन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतला शल्यचिकित्सक त्याचा प्रवर्तक होता. कवटीचा आकार आणि तिच्यावरचे उंचवटे तपासले की माणसाची बुद्धी आणि स्वभाव कळतो, असे हे मस्तकसामुद्रिक सांगत असे. फ्रान्झ योझेफ गाल या व्हिएन्नाच्या डॉक्टराने त्याचा पाया घातला होता. मनाच्या शक्ती अनेक, प्रत्येक शक्तीला मेंदूत तिची स्वतःची जागा, आणि जी शक्ती मोठी तिची जागा फुगते व कवटी तिथे उंच होते, असा त्याचा सिद्धान्त. १८२० मध्ये एडिनबरात जॉर्ज कूम या वकिलाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या विद्येची संस्था काढली. पॅटर्सन त्याच परंपरेतला.

त्याने हिंदुस्थानातली डोकी मोजून आपले निष्कर्ष एडिनबराला धाडले. युरोपीय प्रौढाच्या मानाने हिंदू माणसाचे डोके पोरसवदा मुलाएवढे भरते, असे त्याचे म्हणणे होते. मूठभर इंग्रजांनी कोट्यवधी लोकांवर राज्य कसे मिळवले, याचे सोयीचे उत्तर या मापात दडलेले होते. लढाया, फितुरी, कर्ज, कंपनीचा व्यापार या कशाचाही हिशेब मांडायची गरज उरत नव्हती. कवटी लहान म्हणून बुद्धी लहान, आणि बुद्धी लहान म्हणून गुलामी, असा तो सरळ कारणमेळ होता.

पुढच्या सव्वाशे वर्षांत कलकत्त्यात मापे बदलत गेली. आधी कवटी, मग नाक, मग प्रश्नपत्रिका. प्रत्येक माप बाहेरून आले. आणि प्रत्येक वेळी, ज्यांना मोजले जात होते त्यांच्यातूनच काही माणसे पुढे आली आणि त्यांनी मापाच्या पलीकडचा प्रश्न विचारला: बुद्धी वाढवता येईल का? भारतात बुद्धी आणि शिक्षण यांच्या नात्याचा आधुनिक विचार कसा घडला, हे समजून घ्यायचे तर या माणसांची गोष्ट क्रमाने पाहिली पाहिजे.

कवटी

मस्तकसामुद्रिकात एक अंतर्विरोध होता. कवटी जन्मजात, म्हणून गुणही जन्मजात, असे ते एका तोंडाने सांगत असे. दुसऱ्या तोंडाने कूम म्हणे की, मनाच्या शक्ती वापराने बळावतात आणि न वापरल्याने क्षीण होतात. म्हणून मुलांना पाठांतराऐवजी निरीक्षण शिकवावे, निसर्गाचे नियम समजावून द्यावेत, व्यायाम आणि आहार सांभाळावा. १८२८ मध्ये निघालेले त्याचे ‘द कॉन्स्टिट्यूशन ऑफ मॅन’ हे पुस्तक त्या शतकात इंग्लंडात अफाट खपले, ते या दुसऱ्या बाजूमुळे. कारागीर आणि गिरणी कामगार ते वाचत, कारण स्वतःला सुधारता येते असा भरवसा त्यातून मिळत होता.

कलकत्त्यातल्या बंगाली तरुणांनी नेमकी हीच बाजू उचलली. १८४५ मध्ये काली कुमार दास यांनी शहरात पुन्हा एक फ्रेनॉलॉजिकल सोसायटी उभी केली. या वेळी पुढाकार हिंदी माणसांचा होता. १८४९ मध्ये राधावल्लभ दास यांचे ‘मनतत्त्व सारसंग्रह’ हे याच विषयावरचे बंगाली पुस्तक आले. सर्वांत खोल परिणाम मात्र अक्षयकुमार दत्तांचा. १८२० मध्ये जन्मलेल्या अक्षयकुमारांचे शालेय शिक्षण घरच्या ओढगस्तीमुळे अर्धवट सुटले होते. गणित, विज्ञान आणि परक्या भाषा त्यांनी स्वतःच्या बळावर कमावल्या, आणि १८४३ मध्ये देवेंद्रनाथ ठाकुरांच्या ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’चे ते संपादक झाले. १८५०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी कूमच्या ग्रंथाच्या आधाराने बाह्य वस्तू आणि मानवी प्रकृती यांच्या संबंधावर दोन भागांचा बंगाली ग्रंथ लिहिला. मनाच्या शक्ती निसर्गनियमांनी चालतात, ते नियम कळले की त्यांचे संगोपन करता येते, हा त्याचा गाभा होता.

ज्याने स्वतःची बुद्धी स्वतः घडवली, त्याच्या हातात पडताच पॅटर्सनच्या विद्येचा अर्थ उलटला. डोक्याचा आकार मागे पडला आणि शिक्षण पुढे आले. कवटीवरून माणूस ओळखण्याचा दावा पुढे विज्ञानाने निकालात काढला. पण मनाचे व्यापार निरीक्षणाने अभ्यासता येतात आणि शिक्षणाने बदलता येतात, ही त्या वादातून आलेली जाणीव बंगालात टिकली.

त्याच सुमारास हा प्रश्न जातीच्या दारात येऊन उभा राहिला. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात तोवर फक्त ब्राह्मण आणि वैद्य मुलांनाच प्रवेश होता. १८५१ मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागर प्राचार्य झाले आणि त्यांनी आधी कायस्थांना, मग काही वर्षांत इतर हिंदू जातींनाही दार उघडले. त्याच्या तीन वर्षे आधी, १८४८ मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली होती, आणि फुल्यांचे पाऊल विद्यासागरांच्या पावलापेक्षा कितीतरी पुढचे होते. दोघांच्या विरोधकांचा आधार एकच होता: अमुक जातीत, अमुक लिंगात विद्या घेण्याची पात्रताच नसते. या दाव्याला युक्तिवादाने उत्तर देता येते. पण शाळा काढून, मुले शिकवून दिलेले उत्तर कुणाला पुसता येत नाही.

नाक

शतकाच्या अखेरीस माप पुन्हा बदलले. हर्बर्ट रिस्ली या मुलकी अधिकाऱ्याने बंगालच्या जातीजमातींची शारीरिक मोजमापे घ्यायला लावली आणि १८९१ मध्ये ‘द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बेंगॉल’ हे खंड प्रसिद्ध केले. नाकाची रुंदी आणि लांबी यांच्या गुणोत्तरावर त्याचा विशेष भर होता. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा नियमच सापडल्याचे तो सांगत असे. १९०१च्या जनगणनेचा तो आयुक्त होता, त्यामुळे हे मत सरकारी दप्तरात शिरले. बुद्धीचे माप त्याने थेट घेतले नव्हते. पण वंश, दर्जा आणि पात्रता एकाच धाग्यात ओवल्यावर, कोण शिकण्याजोगा आणि कोण नाही हे वाचणाऱ्याला आपोआप सांगितले जात होते.

रिस्लीचे खंड निघाल्यानंतर दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, त्याच शहरात मूकबधिर मुलांची शाळा सुरू झाली. ज्याला ऐकू येत नाही तो बोलत नाही, जो बोलत नाही तो मंदबुद्धीच, अशी समजूत तेव्हा घरोघरी होती. यामिनीनाथ बंद्योपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कृतीने मोडली. यामिनीनाथ पुढे परदेशी जाऊन मूकबधिरांच्या शिक्षणाचे तंत्र शिकून आले. चार वर्षांनी, १८९७ मध्ये, लालबिहारी शाह यांनी अंध मुलांची शाळा काढली. ज्या मुलांच्या बुद्धीवर सगळ्यांनी पाणी सोडले होते, ती वाचू-लिहू लागली, हिशेब करू लागली, पोटापाण्याचे काम करू लागली. या मुलांची बुद्धी आधी कमी होती आणि मग वाढली, असे म्हणणे बरोबर नाही. ती व्यक्त व्हायला वाट नव्हती, ती वाट प्रशिक्षणाने मिळाली. बुद्धी वाढवण्याच्या चर्चेत हा भेद मोलाचा आहे, आणि कलकत्त्याला तो वर्गात उभे राहून कळला.

रिस्लीच्या वंशकल्पनेला वैचारिक उत्तर दिले ब्रजेंद्रनाथ शील यांनी. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, महाविद्यालयात विवेकानंदांचे समकालीन, आणि अनेक शास्त्रांत सहज वावरणारे विद्वान. १९११ मध्ये लंडनला भरलेल्या जागतिक वंश परिषदेत पहिला निबंध त्यांचा होता. वंश म्हणजे कायमचा साचा नव्हे, परिस्थिती आणि काळ यांच्याबरोबर तो घडत आणि बदलत असतो, ही त्यांची मांडणी होती. याच शीलांनी १९०५ मध्ये कलकत्ता विद्यापीठासाठी प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आखून दिला होता.

प्रश्नपत्रिका

१९०५ हेच साल पॅरिसमध्येही महत्त्वाचे ठरले. शाळेत मागे पडणारी मुले वेळीच ओळखून त्यांना खास शिकवणी द्यावी, म्हणून फ्रेंच सरकारने एक समिती नेमली होती. त्या कामासाठी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी ३० प्रश्नांची चाचणी तयार केली. बुद्धिमापनाचा आधुनिक इतिहास इथे सुरू होतो. मोजायचे ते पुढे शिकवण्यासाठी, हा बिनेचा हेतू होता. १९०९ च्या पुस्तकात त्याने, बुद्धी ठरावीक असते आणि तिच्यात भर घालता येत नाही, या मताचा कडाडून निषेध केला. अशा मुलांसाठी लक्ष, स्मरण आणि विचार यांचे व्यायाम त्याने आखले आणि त्यांना ‘मानसिक ऑर्थोपेडिक्स’ असे नाव दिले. १९११ मध्ये तो वारला. त्याची चाचणी अमेरिकेत गेली, लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची स्टॅनफर्ड-बिने आवृत्ती काढली, आणि बुद्ध्यंक हा आकडा जगभर पसरला. प्रवासात बिनेचा हेतू मागे पडला. आकडा जन्मजात लायकीचा दाखला मानला जाऊ लागला.

कलकत्ता विद्यापीठात शीलांच्या आराखड्याला मूर्त रूप दिले आशुतोष मुखर्जींच्या कर्तृत्वाने. १९१६ मध्ये सायन्स कॉलेजात प्रायोगिक मानसशास्त्राचा पदव्युत्तर विभाग सुरू झाला, भारतातला पहिलाच. प्रमुख होते नरेंद्रनाथ सेनगुप्त. त्यांनी हार्वर्डमध्ये ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या प्रयोगशाळेत शिक्षण घेतले होते. विभाग तत्त्वज्ञानाच्या इमारतीत न जाता पदार्थविज्ञान आणि रसायन यांच्या शेजारी आला. मनाचा अभ्यास मोजमापाने करायचा, हा निर्णय त्यात होता.

ही निकड कुठून आली, हे कळायला त्या काळच्या परीक्षा पाहाव्या लागतात. १९१७ ते १९१९ या काळात मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्ता विद्यापीठ आयोगाने काम केले. पदवीसाठी शिकणाऱ्यांची संख्या एकट्या बंगालात सुमारे २६,००० होती, जवळपास ब्रिटनच्या बरोबरीची, असे आयोगाला आढळले. एवढा डोलारा मॅट्रिकच्या आणि पदवीच्या परीक्षांवर उभा होता, आणि त्या परीक्षा प्रामुख्याने पाठांतर तपासत. वरिष्ठ नोकरी, लग्नाच्या बाजारातली किंमत, घराची प्रतिष्ठा सगळे त्या गुणांवर. १९१८ मध्ये रवींद्रनाथांची ‘तोताकाहिनी’ प्रसिद्ध झाली. पोथ्यांची पाने कोंबून पोपटाला शहाणे करू पाहणाऱ्या राजदरबाराची ती कथा. शिकवणे आणि बुद्धी वाढवणे यांत अंतर पडले आहे, हे शहराला कळत होते. परीक्षेच्या गुणांपेक्षा खरे माप कोणते आणि शिकवण्याची खरी पद्धत कोणती, हे शोधण्याची जबाबदारी नव्या विभागाने घेतली.

१९२३ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेत मानसशास्त्राला स्वतंत्र विभाग मिळाला. १९२४ मध्ये इंडियन सायकॉलॉजिकल असोसिएशन कलकत्त्यात स्थापन झाली आणि तिचे नियतकालिक लवकरच निघू लागले. त्यातले १९२६ चे दोन निबंध इथे लक्षात घेण्याजोगे आहेत. हरिपद माइती यांनी टर्मनच्या प्रौढांसाठीच्या चाचण्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना देऊन पाहिल्या. सेनगुप्त आणि त्यांचे सहकारी सिन्हा यांनी माणसाचे मानसिक काम एकांतात कसे होते आणि इतरांच्या सोबत कसे होते, याची तुलना केली. पहिल्या निबंधात परदेशी माप हिंदी मुलांवर लागू पडते का, हा प्रश्न होता. दुसऱ्यात, डोक्याचे काम परिस्थितीने बदलते का, हा. दोन्ही प्रश्न एकत्र ठेवले की या विभागाची दिशा कळते.

चाचण्यांचे भारतीकरण इतरत्रही चालू होते. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातल्या हर्बर्ट राइस यांनी हिंदुस्थानी भाषेत बिनेची चाचणी बसवली. मुंबई इलाख्यात व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी स्टॅनफर्ड-बिनेची आवृत्ती तयार केली. त्यांचा ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’ हा ग्रंथ १९४० मध्ये निघाला. मराठी मुलाला मराठीत विचारलेल्या प्रश्नांवरून जोखण्याची ही पद्धतशीर सुरुवात होती. भाषांतर पुरेसे नव्हते. मुलाच्या ओळखीच्या वस्तू आणि ओळखीचे शब्द शोधावे लागत, कोणत्या वयाची किती मुले कोणता प्रश्न सोडवतात हे शेकडो मुलांवर तपासून प्रश्नांचा क्रम नव्याने लावावा लागे. हे कष्ट न घेता परकी चाचणी दिली, तर ती मुलाची बुद्धी मोजण्याऐवजी परक्या घरातला त्याचा वावर मोजते.

कलकत्त्यात या कामाला गणिताची शिस्त लावली प्रशांतचंद्र महलनोबिस यांनी. ते प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. १९२० मध्ये नागपूरला भरलेल्या विज्ञान परिषदेत प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या मोजमापांचे विश्लेषण त्यांच्यावर सोपवले आणि ते संख्याशास्त्राकडे वळले. १९३१ मध्ये त्यांनी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली, १९३३ मध्ये ‘संख्या’ हे नियतकालिक काढले. त्याच वर्षी रिस्लीच्या बंगालमधल्या मोजमापांची त्यांनी कसून फेरतपासणी केली. छापील आकडे एकमेकांशी ताडून पाहिले, विसंगती उघड केल्या, सुधारता येतील तेवढे आकडे सुधारले. चार दशके सरकारी सत्य म्हणून वावरलेली आकडेवारी एका हिंदी शास्त्रज्ञाने तपासणीच्या टेबलावर आणली होती.

बंगाली भाषेतल्या सामूहिक बुद्धिचाचण्यांवरही महलनोबिसांनी त्याच वर्षांत काम केले. चाचणी जे मोजण्याचा दावा करते तेच मोजते का, दोनदा दिली तर तोच निकाल येतो का, शाळेतल्या गुणांशी तिचा किती मेळ बसतो, हे प्रश्न त्यांनी संख्येच्या भाषेत विचारले. आकडा दिसला की मान तुकवायची, ही सवय मोडायला याहून चांगला मार्ग नव्हता. मापाचेच माप घेतले गेले.

१९३८ च्या जानेवारीत भारतीय विज्ञान परिषदेचा रौप्यमहोत्सव कलकत्त्यात झाला. ब्रिटिश वैज्ञानिकांचे मोठे शिष्टमंडळ आले होते. अर्नेस्ट रदरफोर्ड अध्यक्ष व्हायचे, पण काही महिने आधी त्यांचे निधन झाल्याने जेम्स जीन्स यांनी ती जागा घेतली. मानसशास्त्राच्या पाहुण्यांत कार्ल युंग, चार्ल्स मायर्स आणि चार्ल्स स्पिअरमन होते. स्पिअरमन हे बुद्धीच्या सामान्य घटकाच्या सिद्धान्ताचे जनक. १९०४ मध्ये त्यांनी दाखवले होते की, वेगवेगळ्या विषयांतली मुलांची कामगिरी परस्परांशी जुळते, म्हणजे त्यामागे एक सामान्य घटक असावा. हा घटक मुख्यतः जन्मजात, शिक्षणाने वाढतात त्या विशिष्ट कौशल्यांच्या शक्ती, असे त्यांचे मत होते. त्यांचे यजमान होते गिरींद्रशेखर बोस. पेशाने डॉक्टर, फ्रॉइडशी पत्रव्यवहार असलेले, १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे. सेनगुप्त लखनौला गेल्यावर विभागाची धुरा त्यांच्याकडे आली होती. १९३८ मध्येच विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. चाचण्या आता शाळा, कारखाने आणि व्यवसाय-मार्गदर्शन यांच्या उपयोगी पडायच्या होत्या.

शाळा

जन्मजात काय आणि शिकवून येणारे काय, हा वाद विद्वानांच्या परिषदेत चालू असताना त्याची कसोटी बंगालात दुसरीकडे लागत होती. १९३३ मध्ये गिरिजाभूषण मुखोपाध्याय यांनी झाडग्रामला ‘बोधना निकेतन’ सुरू केले. मतिमंद मुलांना शिकवणारी, भारतीयांनी भारतीय मुलांसाठी काढलेली ही अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी एक. त्याआधी १९१८ मध्ये कुर्सिआंगला अशा मुलांचे निवासस्थान निघाले होते, पण ते युरोपीय वस्तीसाठी. बाकी कुटुंबांपुढे घरात दडवणे किंवा वेड्यांच्या इस्पितळात पाठवणे एवढेच मार्ग होते.

अशा शाळेत बुद्धी वाढवणे याचा अर्थ अगदी जमिनीवर येतो. स्वतः जेवणे, कपडे घालणे, वस्तू ओळखणे, आपले म्हणणे सांगणे, रंग आणि संख्या, मग बागकाम, विणकाम, हस्तकौशल्य. काम लहान पायऱ्यांत तोडायचे, एक पायरी पक्की झाली की दुसरी, प्रत्येक मुलाची गती वेगळी धरायची. बिनेने जी शिस्त आखली होती, ती त्याच्या चाचणीच्या गाजावाजात हरवली, पण अशा शाळांच्या दैनंदिन कामात जिवंत राहिली. १९४४ मध्ये मुंबईत होरमसजी आणि दीना वकील यांनी आपल्या मुलीच्या नावाने जय वकील शाळा काढली. तिचीही प्रेरणा हीच. गिरींद्रशेखरांच्या संस्थेने १९४० मध्ये लुंबिनी पार्क हे मानसिक रुग्णालय आणि १९४९ मध्ये लहान मुलांसाठी ‘बोधायन’ ही शाळा सुरू केली.

स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या टोकाचा प्रश्न पुढे आला: नव्या देशाला लागणारे शास्त्रज्ञ, अभियंते, प्रशासक कुठून आणायचे? जगदीशचंद्र बोस यांच्या १९५८ च्या जन्मशताब्दीनंतर त्यांच्या नावाने कलकत्त्यात विज्ञानातील प्रज्ञाशोधाची योजना सुरू झाली. १९६२ मध्ये पुण्यात आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. तिथे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांच्या प्रतिमानाचा आधार घेतला गेला. गिलफर्ड यांच्या मते बुद्धी एकसंध नसून तिच्या १२० वेगवेगळ्या क्षमता मानता येतात. बुद्धी अनेक क्षमतांची मिळून बनलेली असेल, तर त्यांपैकी प्रत्येकीला वेगळे प्रशिक्षण देता येईल, ही शक्यता त्यातून खुली होते. प्रबोधिनीने चाचण्या तयार केल्या, संशोधन केले, आणि निवडलेल्या मुलांच्या बुद्धीला समाजकार्याची जोड दिली. शतकापूर्वी अक्षयकुमारांनी मनाच्या अनेक शक्तींचे संगोपन सांगितले होते. शास्त्र वेगळे, पण आकांक्षा त्याच जातीची.

याच काळात चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ मध्ये कृतीवर आधारित चाचणीसंच प्रसिद्ध केला. ठोकळे, आकृत्या, चित्रे यांचा वापर असल्यामुळे निरक्षर मुलांनाही तो देता येत असे. शाळेत न गेलेल्या मुलाला शाळेच्या भाषेत मोजू नये, ही जाण त्यामागे होती.

हिशेब

या सगळ्याचा निष्कर्ष काय? कलकत्त्यात विचारलेल्या प्रश्नाला आज जगाने दिलेले उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की, विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्धिचाचण्यांचे गुण पिढीगणिक वाढत गेले. माणसाची जनुके दोन-तीन पिढ्यांत इतकी बदलत नाहीत. शिक्षण, आहार, आरोग्य आणि विचार करण्याच्या सवयी बदलल्या. २०१८ मध्ये स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती असलेल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. शालेय शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षाने बुद्ध्यंक साधारण १ ते ५ गुणांनी वाढतो, असे त्यात आढळले. त्याउलट, स्मरणशक्तीचे संगणकी खेळ खेळवून बुद्धी वाढवण्याचा २००८ मध्ये गाजलेला दावा पुढच्या तपासण्यांत टिकला नाही. खेळणारा त्या खेळात तरबेज होतो, पण ती प्रगती इतर विचारकामांत फारशी उतरत नाही.

म्हणजे स्पिअरमन पूर्ण चुकले नव्हते. माणसामाणसांत फरक असतात, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि एखादा व्यायाम घोटून सामान्य बुद्धी चटकन वाढत नाही. पण फरक असणे आणि मर्यादा कायमची असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅटर्सनची कवटी आणि रिस्लीचे नाक या दोहोंची चूक इथेच होती: आजच्या स्थितीचे माप घेऊन त्यांनी उद्याचा निवाडा केला. आणि ज्यांच्या हाती सत्ता होती, त्यांना तो निवाडा परवडणारा होता, कारण त्यातून शाळांवर खर्च न करण्याला सबब मिळत होती.

हा इतिहास आज पुन्हा वाचायला हवा, याचे कारण आपल्या गल्लीत आहे. काही वर्षांपूर्वी डोळे बांधून वाचायला शिकवण्याचा, ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ नावाचा प्रकार शहरोशहरी चालला. पालकांनी हजारो रुपये मोजले. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी त्याला आव्हान दिले. महिन्याभरात मेंदू तल्लख करण्याचे वायदे आजही विकले जातात. दोन टोकांची ही दोन्ही मते एकाच आळसातून येतात. एक म्हणते बुद्धी ठरलेली आहे, काही करू नका. दुसरे म्हणते बुद्धी चुटकीसरशी वाढते, आम्हाला पैसे द्या. दोन्हीत मुलाबरोबर वर्षानुवर्षे बसण्याची तयारी नसते.

कलकत्त्याच्या माणसांकडे ती होती. अक्षयकुमारांनी विज्ञान बंगालीत आणायला आयुष्य दिले. यामिनीनाथांनी ओठांच्या हालचाली शिकवल्या. गिरिजाभूषणांनी मतिमंद मुलांसाठी शाळा उभी केली. महलनोबिसांनी आकड्यांना जाब विचारला. त्यांच्या कामातून एक धोरण निघते, आणि ते आपल्या शासनाला, शाळांना आणि पालकांना लागू आहे. मुलाला त्याच्या भाषेत, त्याच्या परिसरातल्या गोष्टींनी जोखा, आणि जोखले ते पुढे शिकवण्यासाठीच. बुद्धी वाढवायची असेल तर पहिली गुंतवणूक पोटभर जेवणात, न तुटणाऱ्या शाळेत आणि चांगल्या शिक्षकात करा. वर्गातून गळलेल्या प्रत्येक मुलाबरोबर बुद्धीच्या वाढीची काही वर्षेही गळतात, आणि ती वर्षे कुठल्याही शिकवणीत परत विकत मिळत नाहीत. म्हणून बुद्धी वाढते का, हा प्रश्न यापुढे मुलाला विचारण्याआधी, त्याच्यासाठी काय केले हे सांगण्याची जबाबदारी असलेल्या आपल्या सगळ्यांना विचारला पाहिजे.